मांडवाखालची मेंढी

वसुबारसेला गाय-वासराची पूजा करून आपण दिवाळीचा पहिला दिवा लावतो. पाडव्याला कितीतरी गावांत अजूनही अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात आणि बळीचे राज्य येवो असे म्हणतात. शहरात वसुबारस छापील चित्रावर भागते. त्याबद्दल कुणाला बोल लावण्याचे कारण नाही, कारण तिसऱ्या मजल्यावर गाय चढत नाही. पण खेड्यातल्या अंगणात गवळणी मांडावयास शेण दुसऱ्या आळीतून मागून आणावे लागावे, ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्याला आपण बळीराजा म्हणतो त्याच्याच गोठ्यातले खुंटे आज रिकामे होत चालले आहेत. आणि ज्या पिकाला आपण श्रीमंतांचे पीक समजतो त्या द्राक्षाच्या बागेत तर जनावर दिसलेच, तर ते चुकून आत शिरले असे समजून हाकलले जाते.

या हाकलण्याविरुद्ध आम्हांला चार शब्द बोलावयाचे आहेत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: द्राक्षाचा वेल, रस गाळण्याचे यंत्र आणि मोकळ्यावर चरणारी जनावरे ही तीन अंगे एका कुटुंबाच्या हिशेबात असली पाहिजेत. एका घराला ती पेलत नसतील तर चार घरांनी मिळून पेलावीत. पण ती एकमेकांपासून तोडली की शेताचा कारखाना होतो आणि शेतकऱ्याचे गिऱ्हाईक होते. खत विकत, तणनाशक विकत, आणि पिकवलेल्या मालाचा भाव मात्र दुसऱ्याच्या तोंडचा. अशा माणसाला राजा म्हणणे ही थट्टा होय.

हल्ली सुशिक्षित कुटुंबे शनिवार-रविवारी नाशिककडे वायनरी पाहावयास जातात. बाग पाहतात, पिंपे पाहतात, पेल्यातला रंग उजेडाकडे धरून पाहतात. जावे, आमची हरकत नाही. पण या मंडळींपैकी किती जणांनी वेलाखालच्या जमिनीकडे पाहिले? तेथे गवताचे पातेही नसते आणि त्या स्वच्छतेचे कौतुक होते. घराचे अंगण आणि शेताची जमीन यांतला भेद ज्याला कळत नाही त्याने कौतुक करावे. जाणत्याला त्या स्वच्छतेत तणनाशकाचा फवारा दिसतो आणि ऊन-पावसात उघडी पडलेली माती दिसते.

आता एक परदेशी उदाहरण देतो. कारण आपल्याकडे परदेशी शिक्का बसल्याशिवाय गोष्ट खरी वाटत नाही. १९८९ साली फ्रान्समधले पेरँ आणि अमेरिकेतले हास अशा दोन कुटुंबांनी मिळून कॅलिफोर्नियात पॅसो रोबल्स या गावाजवळ जमीन घेतली आणि टॅब्लास क्रीक नावाची वायनरी उभी केली. दोन्ही घरे वाईनच्या धंद्यात मुरलेली. त्यांनी २०१२ साली थोड्या मेंढ्या आणून बागेत सोडल्या. पुढे कळप दोनशेच्या वर गेला. वेल पानगळ होऊन झोपलेला असतो तेव्हा, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, या मेंढ्या ओळींमधून चरतात. हलते कुंपण घालून त्यांना आज या तुकड्यात, उद्या त्या तुकड्यात असे फिरवतात. त्या गवत कापतात आणि कापता कापता खतही टाकतात. वेलाचे डोळे फुटू लागले की कळप बाहेर काढतात, कारण कोवळी पालवी आणि तण यांत मेंढी भेद करीत नाही.

यात चमत्कार काही नाही. गवत काढण्यासाठी ट्रॅक्टरच्या जितक्या फेऱ्या वाचल्या तितके तेल वाचले आणि तितकी जमीन दबायची राहिली. कळप वाढला की कोकरे मटणासाठी विकलीही जातात. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही, कारण शेतकरी जनावर पाळतो ते चित्र काढण्यासाठी नव्हे. २०२० साली या बागेला जे प्रमाणपत्र मिळाले त्याच्या अटी मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. जमिनीचा कस वाढतो की नाही, जनावरांना नीट वागवले जाते की नाही, आणि बागेत राबणाऱ्या मजुरांना न्याय मिळतो की नाही, अशा तीन कसोट्या तेथे एकदम लावतात. माती, जनावर आणि माणूस यांचा हिशेब एकाच वहीत!

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले. स्टेलनबॉशजवळ फेर्गेनुख्ड नावाची जुनी बाग आहे. तेथे बदकांची हजारावर पलटण रोज वेलांतून फिरते आणि पालवी खाणाऱ्या गोगलगायी वेचून खाते. बदकांच्या या जातीला ‘इंडियन रनर’ म्हणतात, आणि गंमत अशी की तिचे मूळ आपल्याकडे नसून इंडोनेशियाच्या बेटांत आहे. तेव्हा या नावावरून ‘हे सारे आमच्याच पूर्वजांनी शोधले’ असा डांगोरा पिटावयास कुणी निघू नये.

हा डांगोरा पिटणारांना येथेच दोन शब्द सांगितलेले बरे. जुन्या काळी शेतात जनावर होते म्हणून तो काळ सोन्याचा होता, असे आमचे म्हणणे नाही. इटलीत तस्कनी प्रांतात शतकानुशतके वेल, ऑलिव्ह, गहू आणि पांढरेशुभ्र कियानिना बैल एकाच शेतावर नांदत होते. प्रवासी त्या देखाव्याची चित्रे काढीत. पण त्या शेतावर राबणारे कूळ निम्मे पीक जमीनदाराच्या घरी पोचवीत होते. त्या पद्धतीचे नावच मुळी ‘निमपट’ या अर्थाचे. १९६४ च्या कायद्याने असले नवे करार बंद केले, तोवर कितीतरी कुटुंबे शहरांतल्या कारखान्यांकडे निघून गेली होती. मिश्र शेती सुंदर होती, न्यायी नव्हती. आपल्याकडेही गोठा भरलेला आणि सावकार दाराशी, असा देखावा आपल्या वाडवडिलांनी पाहिलेला आहे. तेव्हा आम्ही मागतो ती जुनी व्यवस्था नव्हे. आम्ही मागतो ते जनावर, पण कष्ट करणाराच्या मालकीचे.

आता आपल्या बागेकडे येऊ. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराइतका मेहनती शेतकरी शोधून सापडावयाचा नाही. वर्षात दोन छाटण्या, उन्हाळ्यात खरड आणि दिवाळीच्या आगेमागे गोडी. त्यामधल्या प्रत्येक दिवसाची त्याच्याजवळ नोंद. पाऊस आला की रात्री उठून फवारणी. या माणसाला कुणी आळशी म्हणेल तर त्याची जीभ झडेल. पण त्याच्या मेहनतीचा पैसा कोठे जातो, हेही पाहिले पाहिजे. बैल गेले, ट्रॅक्टर आला. गोठा गेला, खताच्या गोण्या आल्या. जमिनीत जीव राहिला नाही असे वाटू लागले, तेव्हा शेणखताचे ट्रक दुसऱ्या तालुक्यांतून मागवणे सुरू झाले. म्हणजे जे आधी दारात पडत होते, त्याचे आता भाडे मोजावयाचे!

बाटलीबंद औषधांवर सारा भार टाकला की काय होते याचा एक धडा २०१० साली मिळाला. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश मर्यादेहून जास्त निघाला आणि माल तिकडेच अडकला. वर्षभर घाम गाळला बागायतदाराने, निकाल लागला परदेशातल्या प्रयोगशाळेत. बागेत मेंढ्या असत्या तर हे टळले असते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याच्या शेतात सगळेच बाहेरून येते, त्याचा बचावही त्याच्या हातात राहत नाही.

यावर हिशेबी मंडळी विचारतात, “अहो, हे परवडते कोठे?” हिशेबच मांडू. बाटलीभर वाईनला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षे लागतात. शंभर किलो द्राक्षे गाळली की वीस-पंचवीस किलो चोथा उरतो. यंत्र दुसऱ्याचे असेल तर हा चोथाही दुसऱ्याचा. यंत्र आपले असेल तर तो शेणात मिसळून खत होतो, आणि बेताने दिला तर जनावराच्या वैरणीला थोडा आधारही होतो. बागेतले गवत मेंढीच्या पोटात गेले की तणनाशकाची बाटली वाचते. बांधावर कोंबड्या फिरल्या की अंडी मिळतात आणि किडेही कमी होतात. यांतली एकेक रक्कम लहान आहे, हे खरे. पण शेती बुडते तीही लहान लहान रकमांनीच. मग ती तरावयासही तशाच रकमा का चालू नयेत?

यापेक्षा वजनदार आक्षेप जाणता बागायतदार घेतो, आणि त्याला उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. तो म्हणतो, “आमच्या बागेत बोर्डो मिश्रण फवारलेले असते. त्यात मोरचूद. मेंढीला तांबे सोसत नाही.” अगदी खरे आहे. गाय जितके तांबे पचवते तितके मेंढी पचवू शकत नाही. ते तिच्या यकृतात साठत जाते आणि एके दिवशी ती पटकन मरते. तेव्हा ज्याने पावसाळाभर बोर्डो मारले आहे त्याने लगेच कळप आत घालू नये. पण याचा अर्थ मेंढी नको असा होत नाही. फवारणीची तारीख पाळा असा होतो. परदेशी बागांतही तांबे वापरतात आणि तेथेही हीच काळजी घ्यावी लागते. शिवाय जेथे तांब्याची भीती आहे तेथे आधी गाय, म्हैस, कोंबडी आहे. त्यांना ते एवढे बाधत नाही.

आणि आपल्याला एक सोय अशी आहे की ती त्या कॅलिफोर्नियाच्या बागेला नाही. आपला जुना मांडव सहा-सात फूट उंच असतो. मेंढीचे तोंड तेथवर पोचत नाही. ठिबकच्या नळ्या तारेला बांधून वर घेतल्या की त्यांनाही धक्का नाही. शेळीची गोष्ट निराळी. ती मागच्या पायांवर उभी राहून ओलांडा कुरतडील, तेव्हा शेळीला बागेबाहेर ठेवलेलेच बरे. पण मेंढी जमिनीकडे पाहून चरते. खुडा आटोपल्यावर खरड छाटणीपर्यंत बाग विश्रांती घेते. त्या दिवसांत मांडवाखाली सावली असते, तण असते, आणि घाई नसते. फवारणीची तारीख पाहून, त्या दिवसांत चार-सहा रात्री कळप बसवण्यास कोणाची आडकाठी आहे?

पण कळप आणावयाचा कोठून, असे विचारणाराने आपल्या रस्त्याकडे एकदा पाहावे. दिवाळी झाली की घाटावरचे कित्येक धनगरवाडे घोड्यांवर संसार लादून कोकणात उतरतात; बाकीचे पठारावरच गावोगाव फिरत असतात. त्यांच्याजवळ दख्खनी मेंढी आहे. काटक, चार काड्यांवर जगणारी, दिवसाला कित्येक मैल चालणारी. शेतात मेंढ्या बसवणे हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. इतक्या मेंढ्या, इतक्या रात्री, आणि त्याबद्दल इतके धान्य किंवा इतके रुपये. लेंडी आणि मूत जागच्या जागी जमिनीत मुरते, गाडी लागत नाही, मजूर लागत नाही. पाणी आले, एकावर एक पिके निघू लागली, पडीक रान संपले आणि मेंढ्या बसवायला जागा उरली नाही. द्राक्षाची बाग मात्र वर्षानुवर्षे जागची हलत नाही आणि दर साली ठरलेल्या वेळी विश्रांती घेते. धनगराला याहून चांगले बिऱ्हाड कोठे मिळणार?

आणि आपण त्या धनगराला वागवतो कसे? वनखाते त्याला रानात शिरू देत नाही, गाव त्याला गायरानात बसू देत नाही, मोटारवाला भोंगा वाजवून त्याची कोकरे उधळून लावतो. बांधावरून मेंढरू वळले तर शिव्या, कधी काठीही. तोच शहरी गृहस्थ परदेशी वायनरीच्या चित्रात मेंढी पाहतो आणि ‘किती निसर्गरम्य!’ म्हणून उसासा टाकतो. मेंढी तिकडची असली की निसर्ग, इकडची असली की उपद्रव! हा दुटप्पीपणा आम्हांला तणनाशकाहून विषारी वाटतो. उद्या एखादा हौशी बागवाला पाहुण्यांना दाखवण्यासाठी कुंपणात दहा पांढऱ्या मेंढ्या ठेवील आणि त्याच दिवशी रस्त्यावरच्या काळ्या मेंढ्यांवर कुत्री सोडील. तसे होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

आता वाईनचा प्रश्न. घरोघरी वाचल्या जाणाऱ्या या अंकात तो काढावा की नाही, असे काहींना वाटेल. जे पीत नाहीत त्यांनी पिऊ नये, आणि मुलाबाळांच्या तोंडचा घास पेल्यात ओतणारा माणूस आमचाही शत्रू आहे. परंतु जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय केला, तेव्हा झालेला वाद आठवा. एक पक्ष म्हणाला, यात शेतकऱ्याचे हित आहे. दुसरा म्हणाला, यात घरांचा नाश आहे. दोघांच्याही भाषणांत शेतकऱ्याचे नाव होते, पण रस गाळण्याचे यंत्र कोणाचे हा प्रश्न मध्यावर आलाच नाही. बाटली कोणत्या फळीवर ठेवावी यावरच सारी शक्ती खर्च झाली.

आणि प्रश्न होता तोच. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, अबकारी कर माफ केला, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क नेमले. उत्साहाच्या भरात अनेकांनी खाण्याच्या द्राक्षांच्या जागी वाईनची द्राक्षे लावली. ही द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची; बाजारात हातगाडीवर ती खपत नाहीत. २००८ नंतरच्या मंदीत वायनऱ्यांचा माल तुंबला, खरेदी थांबली, काहींचे पैसे अडकले. ज्याच्या घरी यंत्र नव्हते त्याने बागा उपटल्या. लावलेला वेल उपटणे म्हणजे काय, हे ज्याने वेल वाढवला त्यालाच विचारावे. त्याच्यापाशी यंत्र, पिंप आणि गोठा असता तर मंदी त्यालाही बोचली असती. पण रस पिंपात थांबला असता, दूध आणि कोकरे विकली गेली असती, आणि एक वाईट साल निघून गेले असते. तीन पायांवर उभे असलेले घर एका पायावरच्या घरासारखे कोसळत नाही, एवढे साधे गणित आहे.

येथे एका शब्दाची फसवणूकही उघडी केली पाहिजे. ‘मोकळ्यावरचे’, ‘गावरान’, ‘नैसर्गिक’ हे शब्द आता पाकिटांवर छापून येतात आणि त्यांचे दाम वेगळे लागते. युरोपात मोकळ्यावरची अंडी म्हणून विकावयाची असतील तर प्रत्येक कोंबडीमागे बाहेर निदान चार चौरस मीटर जागा असावी लागते आणि अंड्यावर तसा आकडा छापावा लागतो. चार मीटर म्हणजे काही माळरान नव्हे. पण निदान मोजमाप आहे, विचारता येते, तपासता येते. आपण मात्र ‘गावरान’ हा शब्द ऐकला की पाकीट उघडतो, कोंबडी कोठे फिरली हे विचारीत नाही. ज्या कुटुंबाचे जनावर खरोखर मोकळे आहे त्याची सर्वांत मोठी हानी हा न विचारणारा गिऱ्हाईकच करतो, कारण त्याच्या लेखी खरा आणि खोटा सारखाच.

तेव्हा मागणे काय? सरकारकडे मागणे असे की, लहान बागायतदाराला, एकट्याला किंवा चौघांना मिळून, आपल्याच बागेतली द्राक्षे आपल्याच यंत्रावर गाळावयाची असतील तर मोठ्या कारखान्याला लागतात तेवढी कागदपत्रे आणि तेवढे हेलपाटे त्याच्या माथी मारू नयेत. धनगराच्या वाटा आणि पाणवठे मोकळे ठेवावेत. बागायतदाराकडे मागणे असे की, त्याने धनगराशी तोंडी नव्हे तर लेखी बोली करावी: किती मेंढ्या, किती रात्री, दाम काय, आणि मेंढरू दगावले तर भरपाई कोणाची. बागेच्या तोंडाशी शेवटच्या फवारणीची तारीख खडूने लिहिलेली पाटी टांगावी. तिला पैसे पडत नाहीत.

आणि वाचकहो, आपल्याकडेही एक मागणे आहे. पुढच्या वेळी नाशिकच्या बागेत जाल, तेव्हा पेल्यातल्या रंगाबद्दल दोन प्रश्न कमी विचारा आणि हे दोन अवश्य विचारा: या वेलांना खत कोठून येते? आणि येथे मेंढ्या बसतात का? पहिल्या दिवशी दाखवणारा गोंधळेल. पण दहा पाहुण्यांनी दहादा विचारले की अकराव्याच्या आधी मालक रस्त्यावरच्या वाड्याकडे माणूस पाठवील. बळीचे राज्य आरतीच्या ताटातून येत नाही. ते शेतात येते, चार पायांवर येते, आणि त्याला आत घ्यावयाचे की हाकलावयाचे हे फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाने ठरवावयाचे असते.